भेगेवरची काच

काच फुटली का, हा प्रश्न आमच्या घरात हिवाळाभर रोज सकाळी चहाच्या आधी विचारला जायचा. विचारणारी मी, उत्तर देणारे बाबा. ते जिना उतरत यायचे, एका हातात थापी, दुसऱ्या हातात घमेलं, कानाला मफलर, आणि उतरता उतरताच म्हणायचे, "फुटली." पेपरवाला येऊन गेला हे सांगावं तितक्या थंडपणे. मग मी चहा ठेवायची.

ही काच कसली ते आधी सांगते. बाबा मिस्त्री होते. आमच्या वर्ध्याकडं गवंड्याला मिस्त्रीच म्हणतात. भिंतीला किंवा स्लॅबला भेग पडली की ती जिवंत आहे की मेलेली, हे मिस्त्री लोक काचेवरून ओळखतात. बोटभर रुंद काचेची पट्टी भेगेवर आडवी ठेवायची आणि दोन्ही टोकं सिमेंटच्या गोळ्यांनी चिकटवायची. भेग हलली तर काच तडकते. हलली नाही तर काच शाबूत राहते, आणि मग त्या भेगेची काळजी करायची नाही. इंजिनियर लोकांकडं त्यासाठी यंत्रं असतात म्हणे. बाबांकडं जुन्या फोटोफ्रेमांच्या काचा होत्या, पट्ट्या कापून डालड्याच्या डब्यात उभ्या करून ठेवलेल्या. आमच्या स्लॅबवरची भेग वीस हिवाळे जिवंत होती.

आमचा हिवाळा बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. वर्धा म्हटलं की सगळ्यांना उन्हाळा आठवतो. तुमच्याकडं कसली आली थंडी, असं पुण्याचे पाहुणे हसून विचारतात. पौषात या म्हणावं. पहाटे दोन गोधड्यांत हुडहुडी भरते, शाळेच्या हापशीचं पाणी बोटांना झोंबतं, आणि त्याच दिवशी दुपारी दोनला वर्गात पंखा लावावा लागतो. माणूस स्वेटर घालतो, काढतो. स्लॅब काय काढणार? तो पहाटे आकसतो आणि दुपारी फुगतो. उन्हाळ्यात एक बरं, रात्रीही तो निवत नाही, फुगलेला तसाच पडून राहतो. हिवाळ्यात मात्र रोज ओढ आणि रोज रेटा. हे मी सातवीच्या पोरांना कितीतरी वर्षं शिकवते आहे. रुळांच्या मधे फट का ठेवतात, सांगा बरं. लोखंडाचा गोळा तापवला की कडीतून जात नाही हे दाखवते, पोरं माना डोलावतात, मी फळा पुसते आणि घरी येते. आणि घरी माझ्या डोक्यावर काय चाललंय ते मला दिसलं नाही. आज एवढ्या वर्षांनी बाकी कोणाचा राग येत नाही, माझाच येतो.

नालवाडीतलं आमचं घर बाबांनी स्वतः बांधलं. तीन खोल्या एका रांगेत, पुढं ओसरी, आणि सगळ्यांवर मिळून एकच लांबच लांब स्लॅब. मी तेव्हा दुसरीत होते. मिस्त्रीच्या स्वतःच्या घराचा स्लॅब पडायचा असला की बाकीचे मिस्त्री, मजूर, रेजा, म्हणजे घमेली वाहणाऱ्या बायका, एक दिवस येऊन हात लावतात. त्या दिवसाची रोजी कोणी घेत नाही. संध्याकाळी पोटभर जेवतात आणि जातात. आमच्याकडं इतकी माणसं आली की शेजारच्यांनी त्यांच्याही चुली पेटवून दिल्या. उजाडता उजाडता पहिलं घमेलं वर गेलं आणि दिवस मावळायच्या आत शेवटचं. मधे काम एकदाही थांबलं नाही. जेवायलासुद्धा लोक आळीपाळीनं खाली उतरले. एका दमात पडलेला स्लॅब, कुठं सांधा नाही, असं बाबा पुढं आयुष्यभर सांगत राहिले. मग तीन आठवडे आई सकाळ-संध्याकाळ तराई करत होती. वर मातीच्या पाळी घालून पाणी साचवायचं आणि ते आटू द्यायचं नाही. ती स्लॅबकडं जेवढं बघायची तेवढं माझ्याकडंही लक्ष नव्हतं तिचं.

बाबांच्या या स्लॅबच्या वेडाला कारण होतं. त्यांची आई रेजा होती. अर्ध्या वर्ध्याचे स्लॅब तिनं डोक्यावरून वर चढवले आणि स्वतः मेली ती कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, खोपटात. दार इतकं बुटकं की तिला बाहेर काढताना लोकांना वाकावं लागलं, तिरडी तिरपी झाली. बाबांनी हे मला इतक्यांदा सांगितलंय की ती तिरपी तिरडी मीच पाहिली आहे असं वाटतं. "मले या स्लॅबखालून नेजो," असं ते म्हणायचे. "मधल्या खोलीत ठेवजो. चार लोकं आरामात उभे राह्यतीन. मंग ओसरीतून सरळ बाहीर. कोनाले वाकावं लागू नये." दाराची चौकटही त्यांनी त्यासाठीच उंच ठेवली होती. दुसरं काही मागितलं नाही त्यांनी माझ्याकडं, कधीच. आई गेली तेव्हा तिला तसंच नेलं. कोणी वाकलं नाही. बाबा ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर रडण्याच्या आडून एक समाधान होतं. मी ते पाहिलं.

त्याच हिवाळ्यात भेग दिसली. मधली खोली आणि पूर्वेची, म्हणजे आईची खोली, यांच्या दरम्यान, स्लॅबच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. मी त्या सुमारास सासर सोडून परत आले होते. तो विषय इथं नाही. बाबांनी भेगेवर हात फिरवला आणि म्हणाले, "जमीन हालते वं. काळी माती हाय आपली. स्लॅबचा काही दोष नाई." वर्ध्यात कोणाच्याही घराला काहीही झालं की लोक काळ्या मातीवर ढकलतात, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भिंतींचं वाटोळं करते. मलाही ते पटलं. पटायला सोपं होतं.

मग ते भेग भरायला लागले. घट्ट सिमेंट कालवायचे आणि पहाटे, अगदी उजेड फुटता फुटता, थापीच्या टोकानं भेगेत दाबून दाबून कोंबायचे. मी एकदा म्हटलं, बाबा, ऊन तरी येऊ द्या, या थंडीत गुडघे धरतील. तर म्हणाले, "सकायी तोंड उघडं राह्यते तिचं. पोटभर खाऊ दे. दुपारी गेलं तं तोंड मिटून बसते, मंग काय भरशीन?" यात चूक काय होती? भेग पहाटे रुंद असते हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. रुंद असेल तेव्हा जास्त माल जातो हेही बरोबर. दुपारी भेग भरणारा मिस्त्री म्हणजे कामचुकार, असं ते हाताखालच्या लोकांना शिकवायचे. वरून काचेची पट्टी चिकटवायचे आणि खाली यायचे. मग जेवून दुपारभर झोपायचे. साइटवर असतानाही त्यांची तीच शिस्त होती. भिंत सरळ आहे का ते पाहायचा ओळंबा असो, काच असो, सकाळी कामाला हात लावायच्या आधी पाहायची. दुसऱ्या दिवशी काच फुटलेली असायची. ते नवीन भेग भरायचे. मार्चपर्यंत हे चालायचं. उन्हाळ्यात भेग दिसेनाशी व्हायची आणि बाबा म्हणायचे, "बसली." पुढच्या दिवाळीनंतर ती परत उठायची.

वस्तीत लोक त्यांना बोलवायचे. अंगातली ताकद गेल्यावर मोठं काम जमेना, पण भेग भरायला मिस्त्रीच पाहिजे असं आमच्या गल्लीतल्या सगळ्यांना वाटायचं. हिवाळ्यात रोज पहाटे आधी आमचा स्लॅब आणि मग दुसऱ्या कोणाचा तरी. चहा पाजला की खूश. म्हातारपणी कामाला येण्यात जे सुख असतं ते त्यांना पुरेपूर मिळालं, आणि मी त्यावरून त्यांना चिडवायची. म्हणायची, डॉक्टर निघाले राउंडला. ते लाजायचे.

तीन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मी बोरं वाळत घालायला दुपारी स्लॅबवर गेले. बाबा खाली झोपले होते. स्लॅब पायाला चटका बसावा इतका तापला होता. मी वाकून बोरं पसरत होते आणि बाजूला टक असा आवाज झाला. पाहिलं तर सकाळी लावलेली काच फुटली होती. फुटते तशी फुटली, त्यात काय, असं म्हणून मी दोन पावलं गेलेही पुढं. मग परत आले. काच ओढून तुटली असती तर दोन तुकड्यांत फट पडली असती. इथं एक तुकडा दुसऱ्याच्या अंगावर चढला होता. दोन्ही टोकांकडून कोणीतरी दाबल्यासारखा.

मी तिथंच खाली बसले. बोरं राहिली पसरायची. मला एका क्षणात सगळं कळलं आणि ते कळू नये असं वाटलं. सातवीचा धडा होता तो. पहाटे आकसलेल्या स्लॅबच्या भेगेत आपण गच्च सिमेंट भरतो. दुपारी स्लॅब फुगतो, त्याला त्याची जागा परत हवी असते, ती आपण बुजवलेली असते. मग तो काय करणार? भिंतीला ढकलणार. रात्री परत आकसतो, नवी फट पडते, पहाटे आपण ती भरतो. केसभर, रोज. वीस हिवाळे. बाबांनी काच नेहमी सकाळी पाहिली. सकाळपर्यंत थंडीनं ते चढलेले तुकडे परत ओढून वेगळे केलेले असायचे. दुपारची काच त्यांनी आयुष्यात कधी पाहिली नव्हती.

घाईनं बोलायचं नाही असं ठरवून मी आठवडाभर गप्प बसले. मला ते जमत नाही, पण बसले. रोज शाळेतून जेवणाच्या सुट्टीत सायकलवर घरी यायची, वर जायची, काच बघायची. रोज चढलेली. मग एका संध्याकाळी बाबा विहारात गेले असताना त्यांच्या पिशवीतला ओळंबा काढला आणि आईच्या खोलीच्या पूर्वेच्या भिंतीला बाहेरून लावला. भिंत वरच्या बाजूला तीन बोटं बाहेर गेली होती. आत जाऊन वर पाहिलं तर स्लॅब आणि भिंत यांच्या मधून आकाशाची एक रेघ दिसत होती. त्या खोलीत आम्ही धान्याच्या कोठ्या ठेवायचो, वर बघायचं कारण कधी पडलं नव्हतं.

शाळेतल्या एका सरांचा भाऊ इंजिनियर आहे, त्याला मी बोलावलं. बाबांना सांगितलं, असाच आलाय घर बघायला. ते मोठ्या उत्साहानं एका दमात पडलेल्या स्लॅबची गोष्ट सांगत बसले. तो भला माणूस, ऐकून घेतली. जाताना मला फाटकाशी म्हणाला, "मॅडम, पूर्वेकडं स्लॅब आता अर्ध्या विटेवर टेकलाय. ती भिंत आणखी सरकली तर कडा सुटेल. ती खोली आजच रिकामी करा. मधली कदाचित काढेल काही वर्षं, पण लिहून मागाल तर मी देणार नाही." मग त्यानं विचारलं, भिंतीवर स्लॅब टेकतो तिथं कागद ठेवला नव्हता का? भिंतीचा माथा गुळगुळीत करून वर डांबरी कागद अंथरतात. मग स्लॅब त्यावर सरकू शकतो, भिंतीला ओढत नाही.

मी बाबांना संध्याकाळी सहज विचारलं. ते हसले. "सरकारी क्वार्टरवर साहेब ठेवाले लावे ना कागद. आमी ठेवू. पन आपल्या घरी काऊन? स्लॅबनं भिंतीले घट्ट धरलं पाह्यजे. मी तं चांगला खडबडीत ठेवला होता माथा, वरून सिमेंटचं पानी मारलं. जाम बसला." हे सांगताना त्यांनी एका हाताची मूठ दुसऱ्या हातानं आवळून दाखवली.

मी त्यांना घर सोडू या म्हणाले. कारण सांगितलं ते अर्धवट, भिंत कलली आहे एवढंच. ते ऐकेनात. काळी माती, उन्हाळ्यात बसेल, यंदा जरा जास्त माल भरतो. चार दिवस हेच. पाचव्या दिवशी पहाटे मला जाग आली ती वर घमेलं सरकवल्याच्या आवाजानं. मी तशीच जिना चढले. ते गुडघ्यांवर बसून भेगेत सिमेंट दाबत होते आणि माझा तोल सुटला. माझ्या जिभेला हाड नाही हे मला माझ्या सासरीही सांगून झालं होतं.

"जमीन नाई हालत, बाबा," मी म्हटलं. "तुमी ढकलून राह्यले भिंत. वीस वर्षांपासून तुमीच ढकलून राह्यले."

त्यांनी वर पाहिलं. ते रागावले असते तर मी पुढं भांडले असते. ते म्हणाले, "कशी?"

मग मी सांगितलं. शिक्षिकेसारखं, पायरी पायरीनं, तावातावानं. दुपारी फुगतो, जागा मागतो, भिंत सरकते. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "दुपारी दाखव." त्या दिवशी मी रजा टाकली. दुपारी ते झोपले नाहीत. मी खुर्ची वर नेली, ते डोक्यावर दुपट्टा घेऊन काचेसमोर बसले. दोनच्या सुमाराला टक झालं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत काचेचा एक तुकडा दुसऱ्यावर चढला. मी त्यांच्याकडं बघायला हवं होतं की नको, मला समजेना. त्यांनी हात लांब करून तो तुकडा उचलला, कडेवर अंगठा फिरवला आणि खिशात ठेवला.

"म्या किती घरं भरले," ते म्हणाले. बस एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी भेगेला हात लावला नाही. डालड्याचा डबा मोरीच्या मागं गेला. पण स्वस्थ बसले नाहीत. ज्यांची ज्यांची भेग भरली होती त्यांच्या घरी जायला निघाले. मी सोबत गेले, कारण गुडघे. पहिल्याच घरी, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यांकडं, ते ओसरीत बसले आणि म्हणाले, "माह्यं चुकलं. सकायी नोका भरू. भरलेलं खरडून काढा, मऊ डांबर घाला, फट राहू द्या." भाजीवाले म्हणाले, "काय बोलता मिस्त्री? तुमच्यानंच तं टिकून हाय घर." त्यांच्या बायकोनं चहा आणला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, बाबांची तब्येत बरी नाही का, थोडं विसरून राह्यले का. दुसरीकडं तेच झालं. तिसऱ्या घरी तर त्यांच्याच हाताखाली शिकलेला मिस्त्री राहतो. तो पाया पडला आणि हसत म्हणाला, "बाबा, तुमी शिकवलं ना, दुपारी भरे तो कामचुकार. आता माघार कायले घेता?" ते उठले. चौथ्या घराकडं आम्ही वळलोच नाही. परत येताना त्यांनी माझा दंड धरला होता, आणि तो हात किती हलका आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. त्यांना त्या क्षणी म्हातारं मी केलं होतं, काळी माती नव्हे.

होळीच्या आधी आम्ही घर सोडलं. सावंगीकडं हॉस्पिटलात शिकणाऱ्या पोरापोरींना भाड्यानं देतात तशी एक खोली मिळाली, तळमजल्यावर. नालवाडीचा स्लॅब पाडायचा का, असं मी विचारलं. ते हो म्हणेनात, नाही म्हणेनात. एकदा फक्त म्हणाले, "मी हाय तवपर्यंत राहू दे." त्याचा अर्थ मला कळत होता. मधली खोली अजून उभी होती. त्यांना तेवढीच हवी होती, तीही काही तासांसाठी.

आणि मी काय केलं? गल्लीतली पोरं त्या ओसरीत पत्ते खेळायला बसतात हे कळल्यावर मी एक पत्रा घेतला, पांढरा रंग दिला आणि वर लाल अक्षरांत लिहिलं, छत धोकादायक आहे, आत जाऊ नये. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेतले सगळे फलक मीच लिहिते. ओसरीच्या खांबाला, जिथं बाबा आईच्या वेळी टेकले होते, तिथं तो तारेनं घट्ट बांधला. पूर्वेच्या खोलीपुरतं लिहिता आलं असतं. मी पूर्ण घराचं लिहिलं. अर्धवट सूचना कोण वाचतं, हा माझा शाळेतला अनुभव.

सावंगीच्या खोलीत बाबा बाजेवर पडून वर बघत राहायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावून भिंत आणि छत मिळतात तिथली बारीक सरळ रेघ दाखवली. "कागद ठेवला यानं," ते म्हणाले. "कोनं टाकला असंन?" घरमालकाला ठाऊक नव्हतं. "चांगला टाकला," बाबा म्हणाले आणि कुशीवर वळले. त्यांचं बोलणं कमी होत गेलं. सकाळी लवकर उठायची सवय सुटली नाही, पण उठून करायला काही नव्हतं. मी चहा ठेवायची आणि विचारायला माझ्याकडंही काही नव्हतं. आम्ही दोघं एकमेकांशी फार चांगलं वागत होतो, आणि ते मला सहन होत नव्हतं.

मागच्या पौषात एका पहाटे ते उठले नाहीत. मी हाक मारली, मग हात लावला. अंग थंड होतं. त्यांच्या शर्टाच्या खिशात तो काचेचा तुकडा होता, रुमालात गुंडाळलेला. दोन वर्षं बदललेल्या प्रत्येक शर्टात त्यांनी तो ठेवला होता, आणि कपडे मी धुवायची, मला पत्ता नव्हता.

त्यांना नालवाडीला न्यायचं हे मी लगेच सांगितलं. गाडी घराशी पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. अख्खी वस्ती जमली होती, विहारातली माणसं, जुने मिस्त्री, रेजा. पांढरं कापड आलं, मेणबत्त्या आल्या. चार जणांनी बाबांना उचललं, ओसरीपर्यंत आणलं आणि तिथं ते थांबले. पुढच्या दोघांनी खांबावरचा पत्रा वाचला. अक्षर वाईट असतं तर बरं झालं असतं.

"मधल्या खोलीत घ्या," मी म्हटलं. "मधली चांगली हाय."

विहारातल्या एका वयस्क माणसानं मला हळूच विचारलं, "बाई, हे तुमीच लिवलं ना?" मी हो म्हणाले. "मंग एवढी लोकं आत कशी घ्यावं? लहान लेकरं हायेत." सगळे माझ्याकडं बघत होते. बाबांनी घरोघर जाऊन सांगितलं तेव्हा एकानंही विश्वास ठेवला नव्हता. माझा पत्रा सगळ्यांनी खरा मानला होता. आणि मी खात्री देऊ शकत होते का? इंजिनियर म्हणाला होता, कदाचित. मी कदाचित म्हणणारी बाई नाही.

शेवटी अंगणात मांडव घातला. बाबांना उघड्यावर, मांडवाच्या कापडाखाली ठेवलं. वंदना झाली. लोक येऊन पाया पडत होते, फुलं वाहत होते, आणि माझं सगळं लक्ष त्या उंच चौकटीकडं होतं. माणसांना थोपवण्यासारखं तिच्यात काही नव्हतं, दार सताड उघडं होतं. उचलायची वेळ झाली तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, एकदाच, नुसतं ओसरीत नेऊन आणा. एक मिनिट. त्या स्लॅबखालून बाहेर येऊ द्या त्यांना. मग बाबांच्या हाताखाली शिकलेला तो मिस्त्री पुढं झाला, म्हणाला, "चला, मी धरतो." दुसरे तिघं आले. त्यांनी बाबांना खांद्यावर घेतलं आणि ओसरीकडं वळले. मी पुढं होते, वाट करून देत. मी पायरीवर पाय ठेवला.

दुपारचे दोन वाजत आले होते. वर टक असा आवाज झाला.

काच दोन वर्षं लावली नव्हती, पण भेगेत कोंबलेलं सिमेंट अजून तिथंच होतं. वीस हिवाळे रोज त्याच वेळी होणारा आवाज. जमलेल्या त्या सगळ्यांत तो मी सर्वांत जास्त ओळखत होते. खांदेकरी पायरीखाली थांबले होते, हलले नव्हते. मागं सरकली ती मी. माझ्यामागून सगळे सरकले, मग खांदेकरी वळले, आणि बाबांना फाटकातून तसंच सरळ बाहेर नेलं.